औषधे आणि लसी : विकसनशील देशांच्या परस्पर सहकार्यातून प्रत्यक्षात काय साधले?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमधील सहकार्य’ हा घटक आहे. पुस्तकात ब्रिक्स, इब्सा, जी-७७ यांची नावे, स्थापनेची वर्षे आणि उद्दिष्टे दिलेली असतात. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. मागच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला सरळ विचारले की, २००३ साली ब्राझिलिया जाहीरनाम्याने भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका ‘इब्सा’ या गटात एकत्र आले, २०१४ साली फोर्तालेझा येथे ब्रिक्स देशांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, २०२४ पासून या गटात आणखी देश आले, हे सगळे खरे असले तरी त्यामुळे एखाद्या रुग्णाच्या, शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या आयुष्यात फरक पडला असे एक तरी उदाहरण सांगता येईल का?

प्रश्न मला रास्त वाटला. हवामानबदल, कर्ज, अन्नसुरक्षा असे सगळेच विषय एका वेळी घेतले तर चर्चा पसरट होते, म्हणून मी फक्त आरोग्याचा विषय घेण्याचे ठरवले आहे. औषधांच्या किमती, पेटंट आणि लसी या बाबतींत या देशांनी एकमेकांना खरोखर मदत केली का, आणि केली असल्यास ती सरकारांनी ठरवून केली की आपोआप घडत गेली? शिखर परिषदांच्या ठरावांपेक्षा घडलेल्या गोष्टी कळल्या तर विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील. उणिवाही मोकळेपणाने सांगाव्यात, ही विनंती.

ट्रॉम्बेकर

आपल्या विद्यार्थ्याला एक ठोस उदाहरण नक्की देता येईल, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. मी औषध उद्योगात परवान्यांचे आणि नोंदणीचे काम केले असल्यामुळे हा इतिहास मला जवळचा वाटतो.

सुरुवात १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यापासून करावी लागेल. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे झालेल्या आणि १९७२ साली अमलात आलेल्या या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले. ते तयार करण्याच्या पद्धतीवर तेवढे पेटंट मिळू लागले आणि त्याची मुदतही पाच ते सात वर्षांवर आणली गेली. परदेशी कंपनीचे औषध वेगळ्या रासायनिक मार्गाने तयार करणे त्यामुळे कायदेशीर झाले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडच्या रसायनतज्ज्ञांनी या कामात जो हातखंडा मिळवला, त्यावरच पुढचे सगळे उभे राहिले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एचआयव्हीवर तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती उपलब्ध होती, पण तिचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली स्वस्त औषधे आयात करण्याची वाट मोकळी करणारी कायदादुरुस्ती केली, तेव्हा औषध कंपन्या त्याविरुद्ध प्रिटोरियाच्या न्यायालयात गेल्या. वादींची संख्या एकोणचाळीस होती. नेल्सन मंडेला यांच्या देशात माणसे मरत असताना कंपन्या पेटंटसाठी भांडत आहेत, हे जगाला दिसले. ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन या संघटनेने रस्त्यावर आणि न्यायालयात असा दोन्हीकडे लढा दिला. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी हीच तीन औषधे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरात देण्याची तयारी जाहीर केली. एप्रिलमध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

इथे एक तांत्रिक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन या तीन औषधांची पेटंटे तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांकडे होती, त्यामुळे त्या कंपन्यांच्या देशांत तिन्ही औषधे एका गोळीत घालण्यात कोणालाच रस नव्हता. आपल्याकडे ती अडचण नसल्यामुळे तिन्ही एकाच गोळीत आली आणि ती सकाळ-संध्याकाळ घेतली की झाले. वेगवेगळ्या बाटल्यांतल्या गोळ्या वेळा सांभाळून घेण्याऐवजी एकाच पाकिटातली गोळी घ्यायची असेल, तर निरक्षर रुग्णही उपचार चुकवत नाही आणि दूरच्या आरोग्य केंद्रात साठाही सोपा राहतो.

ब्राझीलने १९९६ च्या कायद्यानेच एचआयव्हीची औषधे सर्वांना मोफत देण्याची हमी दिली होती. स्वतःच्या सरकारी प्रयोगशाळा असल्यामुळे कंपन्यांशी वाटाघाटी करताना त्यांचे पारडे जड असे. मे २००७ मध्ये एफाव्हिरेन्झ या औषधासाठी त्यांनी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची किंवा आणण्याची सरकारी परवानगी, काढला, आणि मूळ कंपनी एका गोळीला १.५९ डॉलर मागत असताना भारतातून सुमारे ४५ सेंटला गोळी आणली.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हे सरकारांनी एकत्र बसून ठरवले नव्हते. एका देशाचा कायदा, दुसऱ्या देशातील लोकचळवळ आणि तिसऱ्या देशाची हमखास सरकारी खरेदी यांची गाठ पडली. हे तिन्ही देश परस्परांना पूरक असल्याचे सरकारांच्या नंतर लक्षात आले. इब्साचा जाहीरनामा २००३ चा आहे आणि ही गाठ त्याच्या आधीची आहे, हा क्रम विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा.

दुसरी बाजूही सांगतो. स्वस्त औषध समोर असूनही दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन सरकारने, राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या एड्सविषयीच्या अवैज्ञानिक भूमिकेमुळे, उपचार कार्यक्रम सुरू करायला २००४ उजाडवले. दरम्यान गेलेल्या माणसांचे ओझे कोणत्याही पेटंटवर टाकता येत नाही. आज तोच देश जगातील सर्वांत मोठा एचआयव्ही उपचार कार्यक्रम चालवतो.

अनुच्छेद

ट्रॉम्बेकर यांनी औषधांची बाजू मांडली आहे. मी जागतिक व्यापार संघटनेतील बाजू मांडते, कारण सरकारांनी ठरवून केलेले सहकार्य पाहायचे असेल तर ते तिथे दिसते.

ट्रिप्स करार, म्हणजे या संघटनेचा पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांविषयीचा करार, १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला आणि २००५ पासून भारतालाही औषधांच्या रेणूवर पेटंट द्यावे लागले. दरम्यान नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथे ट्रिप्स आणि सार्वजनिक आरोग्यासंबंधीचा जाहीरनामा मंजूर झाला. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी उपाय योजण्यापासून हा करार कोणत्याही देशाला रोखत नाही आणि रोखू नये, असे त्यात म्हटले आहे. आफ्रिकी देशांचा गट, ब्राझील आणि भारत यांनी एकत्र राहून हा मजकूर मिळवला. ब्राझीलच्या २००७ च्या परवान्यामागे आणि आपल्या पेटंट कायद्यातील कलम ३(ड) मागे हेच बळ आहे. जुन्या औषधाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढलेली नसेल, तर त्याला हे कलम पेटंट देऊ देत नाही. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधाचा पेटंट-अर्ज फेटाळलेला कायम ठेवला.

विद्यार्थ्यांना एखादी छोटी घटना तपशिलाने सांगायची असेल, तर डिसेंबर २००८ मधली सांगावी. भारतातून ब्राझीलला निघालेली लोसार्टनची एक खेप विमान बदलताना नेदरलँड्समध्ये अडवली गेली. लोसार्टन हे रक्तदाबावरचे साधे औषध आहे आणि खेपेत त्याचा पाचशे किलोंहून अधिक कच्चा माल होता. त्याचे पेटंट भारतात नव्हते आणि ब्राझीलमध्येही नव्हते, ज्या विमानतळावरून माल फक्त पुढे जाणार होता त्या देशात मात्र होते. माल ब्राझीलला पोहोचलाच नाही, तो भारतात परत आला. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील या दोघांनी युरोपीय संघ आणि नेदरलँड्सविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत एकाच वेळी तक्रारी नोंदवल्या. पुढच्या वर्षी भारत आणि युरोपीय संघ यांच्यात समझोता झाला आणि निव्वळ वाटेत असलेली जेनेरिक औषधे अशी अडवायची नाहीत, असे ठरले. विकणारा आणि घेणारा असे दोघेही तक्रारदार असल्यामुळे, हा एका निर्यातदाराच्या नफ्याचा प्रश्न आहे असे म्हणून तो बाजूला सारणे कोणाला शक्य झाले नाही. या घटनेविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेले नाही याचे मला वाईट वाटते.

कोविडच्या काळात मात्र हीच एकजूट अपुरी पडली. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी, महासाथ संपेपर्यंत लसी, औषधे आणि तपासणी संच यांच्यावरील पेटंट आणि इतर बौद्धिक संपदा हक्क स्थगित करावेत, असा प्रस्ताव मांडला. पुढे साठाहून अधिक देश त्याचे सहप्रस्तावक झाले. ज्या ब्राझीलने लोसार्टनच्या वेळी आपल्याबरोबर तक्रार केली होती, त्याच्या तेव्हाच्या सरकारने सुरुवातीला या प्रस्तावाला विरोध केला. जून २०२२ मध्ये जिनिव्हात जो निर्णय झाला, तो फक्त लसींच्या पेटंटपुरता आणि पाच वर्षांपुरता होता. औषधे आणि तपासणी संच त्यातून वगळले गेले, आणि पुढे त्यांच्याबाबत एकमत झालेच नाही. वीस महिने वाटाघाटी चालल्या आणि तोवर लसीच्या तुटवड्याचा सर्वांत वाईट काळ उलटून गेला होता. गटाचे नाव कायम राहिले तरी सरकार बदलले की देशाची बाजू बदलू शकते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ब्राझीलच्या उदाहरणावरून लक्षात घ्यावे.

हडपसर ते नियामे

मी काही काळ पश्चिम आफ्रिकेत लसीकरणाच्या पुरवठा व्यवस्थेत काम केले आहे. पेटंटशी काहीही संबंध नसलेले एक उदाहरण मला द्यावेसे वाटते.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात दर कोरड्या हंगामात मेंदूज्वराची साथ येत असे. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि पंचवीस हजार माणसे गेली. ‘अ’ गटाच्या जिवाणूवर टिकाऊ संरक्षण देणारी लस तांत्रिकदृष्ट्या शक्य होती, पण श्रीमंत देशांत हा जिवाणू त्रास देत नसल्यामुळे ती कोणाला बनवायचीच नव्हती. आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की, एका मात्रेची किंमत पन्नास सेंटपेक्षा जास्त असेल तर आम्हाला ती परवडणार नाही. ही किंमत आधी ठरली आणि लस तिच्या हिशेबाने घडवली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती जबाबदारी घेतली. रेणू जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, चाचण्या माली, गाम्बिया, सेनेगल आणि भारतात झाल्या, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो या देशाने आपल्या एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या सर्वांना लस देण्याची मोहीम काढली. शेजारच्या माली आणि नायजर या देशांनीही त्याच सुमारास सुरुवात केली. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि ज्या देशांत ती दिली गेली, तिथून ‘अ’ गटाचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला.

प्रत्यक्ष काम करताना मला भावलेली गोष्ट किमतीपेक्षाही वेगळी आहे. बहुतेक लसी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बर्फाचे पॅक गोठवायचे, ते पेटीत भरायचे, मोटारसायकलला बांधून गावोगाव न्यायचे आणि वितळण्याआधी परतायचे, यातच कर्मचाऱ्यांचा निम्मा दिवस जातो. ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस टिकते, असे सिद्ध झाल्यावर २०१२ मध्ये बेनिन देशात ती बर्फाशिवाय नेण्यात आली. कुपीवरचा उष्णतादर्शक ठिपका पाहायचा, तो ठरलेल्या रंगाच्या पुढे गेला नसेल तर लस टोचायची. वीज नसलेल्या गावात याचा अर्थ काय होतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

यात सरकारी परराष्ट्र धोरणाचा वाटा लहान होता आणि पैसा मुख्यतः अमेरिकेतील गेट्स फाउंडेशनचा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही गरज कोणती आणि परवडणारी किंमत कोणती हे आफ्रिकेने सांगावे आणि उत्पादन पुण्यात व्हावे, हा संबंध दाता आणि याचक यांचा नव्हता. याच वाटेवरची पाच जिवाणू-गटांवरची पुढची लस २०२४ मध्ये नायजेरियाने जगात सर्वप्रथम वापरली, आणि तीही पुण्यातच बनलेली आहे.

लेखाजोखा

उणिवाही सांगाव्यात अशी विनंती असल्यामुळे मी त्या मांडतो. वरच्या सर्व प्रतिसादांशी सहमत असूनही मला वाटते की, भारताच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आपण टाळू नये.

जानेवारी २०२१ मध्ये इतर देशांना कोविड लसी पुरवण्याची भारताची ‘व्हॅक्सिन मैत्री’ मोहीम सुरू झाली आणि भूतान, मालदीव यांच्यापासून अनेक देशांना पुण्याच्या लसी गेल्या. आफ्रिकेचा मोठा भाग कोव्हॅक्स या गरीब देशांना लसी पोहोचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेवर अवलंबून होता आणि कोव्हॅक्सची मोठी मदार या एका पुरवठादारावर होती. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत ती जवळजवळ बंदच राहिली. आपल्याकडे स्मशानांत रांगा लागलेल्या असताना कोणत्याही सरकारने हेच केले असते, आणि मी त्याला दोष देत नाही. पण पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या आफ्रिकी परिचारिकेला आपली कारणे सांगून काय उपयोग होता? एका देशाचा एक कारखाना म्हणजे अर्ध्या जगाचा पुरवठा, ही रचनाच धोक्याची आहे.

दुसरी गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांविषयी इशारा दिला. त्यांत डायएथिलीन ग्लायकोल आणि एथिलीन ग्लायकोल ही विषारी द्रव्ये आढळली होती. गाम्बियात सुमारे सत्तर लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि त्या मृत्यूंचा संबंध या औषधांशी जोडला गेला. त्या देशाकडे औषध तपासणारी स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. पाठवणाऱ्याने प्रामाणिक असावे, एवढ्यावरच त्यांची सगळी भिस्त होती. महाराष्ट्राला हे विष अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते आणि त्याची चौकशी लेंटिन आयोगाने केली होती. इतका धडा मिळूनही, निर्यातीपूर्वी अशा औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची व्हायला जून २०२३ उजाडावा लागला. स्वस्त औषधाच्या आपल्या लौकिकाचा पाया विश्वास आहे, आणि तो गेला तर दोहा जाहीरनाम्याचा आधार घेऊनही तो परत मिळणार नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात. आपण ज्यांना भारतीय औषधे म्हणतो त्यांच्या कच्च्या मालाच्या आयातीतला सुमारे दोन-तृतीयांश भाग चीनमधून येतो. ब्रिक्समध्ये शेजारी बसणाऱ्या दोन देशांमधले हे अवलंबित्व ठरावांत कुठेच दिसत नाही.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लोसार्टनची खेप आणि चाळीस अंशांतली लस ही दोन्ही उदाहरणे मी घेणार आहे, आणि लेखाजोखा यांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवावा असा विचार आहे. वाचताना एक प्रश्न मनात आला. भारताने औषध विकण्याऐवजी ते बनवण्याचे तंत्रच आफ्रिकेला दिले तर हे अवलंबित्व कमी होणार नाही का? असे प्रयत्न झाले आहेत का?

ट्रॉम्बेकर

झाले आहेत, आणि त्यांची फळे संमिश्र आहेत.

ब्राझीलने २००३ साली मोझांबिकला एचआयव्हीच्या औषधांचा कारखाना उभारून देण्याचे ठरवले. मातोला येथील त्या कारखान्यातून औषध बाहेर पडायला सुमारे दशकभर लागले. दुसरीकडे युगांडात कंपाला येथे सिप्लाच्या भागीदारीने उभा राहिलेला कारखाना २००७ मध्ये सुरू झाला आणि एचआयव्ही व मलेरियाची औषधे बनवू लागला. २०२३ मध्ये सिप्लाने त्यातील आपला हिस्सा विकला, कारखाना मात्र चालू आहे. कोविडनंतर जागतिक आरोग्य संघटनेने केपटाउन येथे एमआरएनए तंत्रज्ञानाचे केंद्र काढले. तिथल्या आफ्रिजेन कंपनीने उघड उपलब्ध असलेल्या माहितीवरून लस तयार करून दाखवली आणि ते तंत्र घेण्यासाठी निवडलेल्या संस्थांमध्ये ब्राझील, अर्जेंटिना यांच्याबरोबर हैदराबादची बायोलॉजिकल ई ही कंपनीही आहे. म्हणजे या खेपेला तंत्र आफ्रिकेतून भारताकडे येण्याची व्यवस्था झाली, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा.

अडचण तंत्रापेक्षा खरेदीत आहे. आफ्रिकेतील एचआयव्ही, मलेरिया आणि लसींची बरीचशी खरेदी आंतरराष्ट्रीय निधीतून, जागतिक निविदा काढून होते. निविदेत सर्वांत कमी दर लागतो, आणि हैदराबाद किंवा पुणे ज्या प्रमाणावर उत्पादन करते तो दर कंपालाच्या किंवा मातोलाच्या कारखान्याला जमत नाही. ज्या स्वस्ताईने २००१ साली तिथले जीव वाचवले, तीच आज तिथल्या कारखान्यांना उभे राहू देत नाही. गावी या लस-आघाडीने २०२४ मध्ये आफ्रिकी उत्पादकांसाठी दहा वर्षांत एक अब्जाहून अधिक डॉलरची प्रोत्साहन योजना आणली, ती याच कारणासाठी. ती यशस्वी झाली तर भारतीय कंपन्यांना मिळणाऱ्या खरेदीच्या काही मागण्या जातील. त्या वेळी आपले सरकार आफ्रिकी उत्पादकांच्या बाजूने उभे राहील की आपल्या निर्यातदारांच्या, हा प्रश्न वर्गात चर्चेला ठेवता येईल. माझे स्वतःचे मत असे आहे की, मागण्या गेल्या तरी आपण आफ्रिकी कारखान्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, आणि रवांडातील किगालीत मुख्यालय असलेल्या आफ्रिकन मेडिसिन्स एजन्सी या आफ्रिकी देशांच्या औषध-नियामक संस्थेला औषध तपासणीचे प्रशिक्षण व प्रयोगशाळा उभारायला मदत करून त्याची सुरुवात करता येईल.